तळ्याकाठचे पाहुणे आणि आपला कॅमेरा

पारोळ्याहून तामसवाडीच्या बोरी धरणावर जायचे म्हणजे सोबत भरीत-पुरीची शिदोरी हवीच. हल्ली मुलांच्या हाती मोबाईलही असतो, आणि त्यात पाण्यावरच्या पक्ष्यांचे फोटो. हे पाहून आम्हाला बरे वाटते. पूर्वी ३६ फोटोंचा रोल लग्नकार्यापुरता जपून वापरणाऱ्या आपल्या घरांत बगळ्यासाठी कोण रोल खर्ची घालणार होते!

फोटोसाठी महागडा कॅमेराच हवा असे नाही. सकाळी लवकर जावे, सूर्य पाठीशी ठेवावा, भडक कपडे टाळावेत. पक्ष्याकडे सरळ चालत गेलात तर तो उडणारच. त्यापेक्षा काठावर बसून राहावे. अर्ध्या तासात टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते, लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात जवळ सरकतो, खंड्या त्याच फांदीवर पुन्हा येऊन बसतो. हिवाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणावर गेलात तर परदेशी बदकेही दिसतात.

टिटवीच्या बाबतीत मात्र फार जपावे. ती उघड्या खडीवर बहुधा चार अंडी घालते. अंडी दगडांसारखीच दिसत असल्याने पायाखालीही येतात. उन्हाळ्यात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवतात. आपण फोटोसाठी तिथे ठाण मांडले की ती दूर राहून ओरडत बसतात, आणि इकडे खानदेशच्या उन्हात अंडी भाजून निघतात. टिटवीचे ओरडणे अपशकुन नव्हे. ती आपल्याला 'लांब व्हा' म्हणते आहे, एवढेच.

अपशकुनाचा असाच शिक्का घुबड-पिंगळ्यांवरही बसला आहे. त्यांच्यातल्या रानपिंगळ्याची गोष्ट वाचकांना ठाऊक असावी. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे नमुने गोळा केले. त्यानंतर शंभरावर वर्षे हा पक्षी कुणाला खात्रीने दिसला नाही. मधल्या काळात मेनर्त्झहागेन नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने संग्रहालयातला जुना नमुना लांबवला आणि १९१४ साली गुजरातेत आपणच मिळवल्याची खोटी चिठ्ठी त्याला लावली! ही लबाडी पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी उघडकीस आणली. खोटी चिठ्ठी बाजूला सारून त्या जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ, त्यांना व त्यांच्या सोबत्यांना रानपिंगळा दिवसाउजेडी झाडावर बसलेला दिसला. या वेळी बंदूक नव्हती. फोटो आणि चित्रफीत एवढाच पुरावा, आणि तो जगाने मानला. पुढे हा पक्षी मेळघाटातही सापडला.

एका खोट्या चिठ्ठीने केवढा घोळ घातला पाहा. म्हणून मुलांनी प्रत्येक फोटोसोबत वहीत तारीख, वेळ व गाव लिहावे. पक्ष्याचे नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवावी, शाळेतल्या गुरुजींना विचारून मग भरावी. घरट्याचा पत्ता मात्र वहीतच राहू द्यावा.