भावाच्या जागी ‘अनडिफाइंड’ का दिसते?

हिंगणघाटला कापूस न्यायच्या आधी बरेच शेतकरी मोबाईलवर भाव पाहतात. कधी आकड्याच्या जागी ‘अनडिफाइंड’ असं उमटते. मोबाईल बिघडलेला नसतो. पानावर भाव कायमचे लिहिलेले नसतात. सर्व्हरवरून ते किमान, कमाल, सर्वसाधारण दर अशी नावं लावलेल्या कप्प्यांत येतात. या कप्प्यांच्या गाठोड्याला ऑब्जेक्ट म्हणतात. जावास्क्रिप्ट त्या नावाचा कप्पा उघडून आकडा पानावरच्या चौकटीत भरते. नावात एका अक्षराचा फरक पडला की कप्पा सापडत नाही, अन् ‘अनडिफाइंड’ येते. अख्खं गाठोडंच चौकटीत टाकलं तर ‘ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट’ दिसते. ही चूक निदान दिसते तरी. जुनाच आकडा राहिला तर कळतही नाही. म्हणून गाडी भरायच्या आधी भावासोबतची तारीख पाहावी, अन् हिशेब सर्वसाधारण दराने धरावा. कमाल दर एखाद्याच गाडीला मिळालेला असू शकतो.