भांडणं आधी उरकून घेणारं यंत्र

स्लॅब भरला, शटरिंग उतरलं आणि महिन्याभरात त्याच मजल्यावर कोअर कटिंगचं मशीन लागलं, की समजावं, कागदावर कुणीतरी कुणाशी बोललेलं नाही. हिऱ्याच्या दातांचा तो पोकळ ड्रिल पाण्याच्या धारेखाली काँक्रीट कापत जातो, सळई मध्ये आली तर तीही कापतो आणि प्लंबरला हवं ते भोक पाडून देतो. स्लॅब पीटी, म्हणजे आत ताणलेल्या केबल्सचा असेल, तर तोच ड्रिल एखादी केबल तोडू शकतो. मग प्रकरण प्लंबरच्या हातात राहत नाही. काँक्रीट ओतण्याआधी तिथे पाइपची जागा राखणारी स्लीव्ह ठेवली असती तर हे सगळं जवळजवळ फुकटात झालं असतं. ड्रेनेजच्या ड्रॉइंगवर पाइप होता, आरसीसीच्या ड्रॉइंगवर बीम होता. दोन्ही ड्रॉइंगं आपापल्या जागी बरोबर होती. ती एकमेकांवर ठेवून पाहायला कुणाला वेळ झाला नव्हता.

बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे बीआयएम, नावाची जी सॉफ्टवेअरं आज बांधकामात शिरली आहेत, त्यांचं मुख्य काम या ठिकाणी आहे. जाहिरातीत ती चकचकीत रंगीत इमारती फिरवून दाखवतात. साइटवरून पाहिलं तर ते भांडणं लवकर लावून देणारं यंत्र आहे. आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, एसीवाला, प्लंबिंगवाला आणि इलेक्ट्रिकलवाला यांची जी भांडणं स्लॅबखाली, शिडीवर उभं राहून, मजूर खोळंबलेले असताना व्हायची, ती सहा महिने आधी पडद्यासमोर बसून होतात. भांडण टळत नाही. फक्त स्वस्त होतं.

ऑटोकॅडमध्ये भिंत म्हणजे दोन रेषा असतात. त्या रेषांना आपण भिंत आहोत हे ठाऊक नसतं. खिडकी हलवली तर प्लॅनमध्ये हलते आणि सेक्शनमध्ये जुन्याच जागी राहते. हा घोळ ओळखून चक ईस्टमन या अमेरिकी प्राध्यापकांनी १९७५मध्येच मांडलं होतं, की इमारतीचं एकच वर्णन संगणकात ठेवावं आणि प्लॅन, सेक्शन, एलेव्हेशन त्यातून काढून घ्यावेत. १९८२मध्ये गाबोर बोयार यांनी बुडापेस्टमध्ये ग्राफिसॉफ्ट कंपनी काढली आणि तिथून आर्किकॅड आलं. २०००मध्ये अमेरिकेत रेव्हिट बाजारात आलं, दोनच वर्षांत ऑटोडेस्कने ते विकत घेतलं आणि आपल्याकडच्या बहुतेक ऑफिसांत आज बीआयएम म्हणजे रेव्हिट असंच समीकरण झालं आहे. पोलाद आणि सळईच्या कामात फिनलंडचं टेक्ला वरचढ. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं यावर जितकी चर्चा होते तितकी तिची गरज नसते, असं माझं मत. काम बिघडतं ते बहुधा दुसरीकडेच.

बिघडायला सुरुवात होते मूळबिंदूपासून. आर्किटेक्टचं मॉडेल ग्रिड ए-१ला शून्य धरतं, सर्व्हेयरचा नकाशा यूटीएम निर्देशांकांत असतो. त्यात उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, म्हणजे पुण्यात तो २० लाख मीटरच्या पुढे जातो. कुणी उत्साहाने ती सर्व्हेची फाइल तशीच रेव्हिटमध्ये ओढली, की मॉडेल आतल्या शून्यापासून दोन हजारांहून जास्त किलोमीटर दूर जाऊन बसतं, रेषा थरथरायला लागतात आणि मापं भरवशाची राहत नाहीत. उपाय साधा, पण पहिल्याच दिवशी करायचा: मॉडेल शून्याजवळ ठेवायचं, खरे निर्देशांक शेअर्ड कोऑर्डिनेट्सने जोडायचे आणि ते ठरवण्याचा अधिकार एकाच फाइलला द्यायचा. बाकीच्यांनी त्या फाइलवरून घ्यायचे. पातळ्यांचंही तेच. आर्किटेक्ट तयार फरशीची पातळी धरतो, आरसीसीवाला स्लॅबच्या माथ्याची. दोघांमध्ये फरशी आणि तिच्याखालच्या मसाल्याचा फरक असतो. हा फरक मॉडेलमध्ये दोन वेगळ्या लेव्हल म्हणून दिसला नाही, तर प्रत्येक दार तेवढंच वर किंवा खाली जातं.

दुसरं दुखणं आवृत्तीचं. नव्या वर्षाच्या रेव्हिटमध्ये उघडून सेव्ह केलेली फाइल जुन्यात परत उघडत नाही. म्हणून प्रकल्पाच्या सुरुवातीला आवृत्ती कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. हे क्षुल्लक वाटत असेल तर एअरबसची गोष्ट आठवावी. ए-३८० विमानाच्या वायरिंगचे जुडगे हॅम्बुर्गहून तुलूझला पोचले, तेव्हा ते बसेनात. जर्मन आणि फ्रेंच गटांनी एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या होत्या. २००६मध्ये विमानांचा पुरवठा लांबला, त्याचं हे एक मोठं कारण होतं.

आता मुख्य विषय, क्लॅश, म्हणजे दोन वस्तूंनी एकच जागा मागणं. थोडा हिशेब करू. तयार फरशीपासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३६०० मिलिमीटर. फॉल्स सीलिंग २७००वर. उरले ९००. त्यात बीम ६०० खोल, म्हणजे बीमखाली ३००. एसीचा डक्ट २५० उंचीचा, त्याला वरखाली २५-२५चं इन्सुलेशन, झाले पूर्ण ३००. डक्ट लटकवायचा अँगल आणि सीलिंगचा सांगाडा कुठे जाणार? आणि ९ मीटर लांबून येणारा ड्रेनेजचा पाइप, ज्याला शंभराला एक उतार दिला तरी टोकाला ९० मिलिमीटर खाली जायचंच आहे, तो? प्लॅनवर हे सगळं सुखाने एकमेकांशेजारी नांदतं, कारण प्लॅनला उंची नसते.

नॅव्हिसवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची मॉडेलं एकत्र आणून क्लॅश शोधता येतात. नवख्या माणसाची चूक इथे ठरलेली असते. तो सगळं सगळ्यांवर सोडतो आणि हजारोंनी क्लॅश मिळवतो. त्याची पीडीएफ काढून तो सगळ्यांना मेल करतो आणि कुणीही ती उघडत नाही. त्यातले बहुतेक क्लॅश खोटे असतात: भिंतीत गेलेला स्विचबॉक्स, काँक्रीटमध्ये मुद्दाम गाडलेला कंड्यूट, एकाच पाइपने पाच पर्लिनना छेदल्याच्या पाच नोंदी. जाणकार माणूस जोड्या लावतो. आधी ड्रेनेज विरुद्ध बीम, मग डक्ट विरुद्ध बीम, मग डक्ट विरुद्ध स्प्रिंकलर. किरकोळ स्पर्श गाळण्यासाठी सहनमर्यादा ठेवतो, एकाच कारणाचे क्लॅश एका गटात बांधतो. इन्सुलेशन आणि व्हॉल्व्ह फिरवायला लागणारी मोकळी जागाही मॉडेलमध्ये घन म्हणून टाकतो, नाहीतर मॉडेल स्वच्छ आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, असं होतं.

यापुढचं कुठलंच सॉफ्टवेअर करत नाही: हटायचं कुणी? बऱ्याच अनुभवी कोऑर्डिनेटरांचा क्रम साधारण असा असतो. उताराने वाहणारं ड्रेनेज पहिलं, कारण त्याला वर चढता येत नाही. मग मोठे डक्ट, कारण ते वळायला जागा खातात. मग अग्निशमनाचे आणि पाण्याचे दाबाचे पाइप, शेवटी केबल ट्रे आणि कंड्यूट, ज्यांना वाकवणं सोपं. ट्रे शक्यतो पाण्याच्या पाइपांच्या वर ठेवायचे. बीमला हात लावायचा तर आरसीसी कन्सल्टंटच्या सहीनेच. हा क्रम करारात किंवा पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेला असला, की निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत. उरलेल्या प्रत्येक मुद्द्यापुढे एक नाव आणि एक तारीख हवी. बीसीएफ नावाची छोटी फाइल मुद्दा, त्याचा कॅमेऱ्याचा कोन आणि शेरा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेते. पडद्याचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर लाल गोल काढण्यापेक्षा ती बरी.

आणि वेळ. क्लॅशची बैठक दर आठवड्याला होते म्हणून काम वेळेत आहे, असं नाही. पुढच्या स्लॅबच्या तारखेपासून उलटं मोजायचं: सळईवाल्याला बार बेंडिंग शेड्यूल कधी हवं, शटरिंगवर स्लीव्हची आखणी कधी होणार, त्याआधी ड्रॉइंग साइटवर कधी पोचायला हवं. त्या दिवशी त्या मजल्याचं मॉडेल गोठवायचं. त्यानंतर कितीही चांगली सूचना आली तरी ती वरच्या मजल्यासाठी.

किती बारीक मॉडेल करायचं, यावर आपल्याकडच्या टेंडरांत मौज असते. कुठल्यातरी परदेशी कागदावरून ‘एलओडी ५००’, म्हणजे तपशिलाची ५०० क्रमांकाची पातळी, उचलून टाकलेली असते. त्याचा अर्थ प्रत्यक्ष बांधलेलं मोजून पडताळलेलं मॉडेल, आणि ते डिझाइनच्या टप्प्यावरच मागितलेलं असतं! समन्वयासाठी ३५० बहुधा पुरतं: वस्तूचा खरा आकार, जागा आणि तिचे आधार. प्रत्येक दाराच्या बिजागरीचे स्क्रू दाखवले की फाइल जड होते आणि माहिती तसूभरही वाढत नाही. सळईसुद्धा सगळीकडे काढू नये. जिथे तीन बीम एका कॉलममध्ये शिरतात आणि व्हायब्रेटरची सुई जाईल की नाही अशी शंका आहे, तेवढे जोड काढावेत, पण ते नीट काढावेत.

क्वांटिटीच्या बाबतीत मॉडेल फार आत्मविश्वासाने बोलतं, म्हणून तिथे सावध राहावं. मॉडेल निव्वळ भूमिती मोजतं. आपलं बिल मोजमापाच्या आयएस १२०० या भारतीय मानकाच्या नियमांनी होतं. प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघडीपीची वजावट या नियमांत करत नाहीत. संडास-बाथरूमचं ६०० बाय ६००चं व्हेंटिलेटर ०.३६ चौरस मीटरचं, म्हणजे वजा होत नाही. मॉडेल मात्र ते इमानदारीने वजा करतं. २०० फ्लॅट, प्रत्येकी दोन व्हेंटिलेटर, तर एकाच बाजूच्या प्लास्टरमध्ये १४४ चौरस मीटरचा फरक. कंत्राटदार मेजरमेंट बुक घेऊन येतो, बिलिंग इंजिनिअर मॉडेलचं शेड्यूल दाखवतो आणि दोघंही खरे असतात. म्हणून शेड्यूलमध्ये नियमाप्रमाणे दुरुस्ती करणारा एक रकाना आधीच बांधून ठेवावा. काँक्रीटमध्ये बीम आणि स्लॅब एकमेकांत नीट जोडलेले नसतील तर जोडाचा घन दोनदा मोजला जातो, हेही तपासावं.

वेळ आणि पैसा मॉडेलला जोडण्याचा आपल्या घरचा ठळक प्रयोग नागपूरचा. महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या कामात फाइव्ह-डी बीआयएम वापरलं: लांबी, रुंदी, उंची, त्यावर वेळापत्रक, त्यावर खर्च. व्हायाडक्टचा खांब नुसता आकार न राहता त्याच्यासोबत वेळापत्रकातलं काम आणि खर्चाची नोंद चालते. खांब झाला, की प्रगती आणि पैसे दोन्ही एकाच जागी पाहता येतात. मार्च २०१९मध्ये या मेट्रोचा पहिला मोठा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. अशा मॉडेलसाठी घटकांचे सांकेतिक क्रमांक, वेळापत्रकातली नावं आणि बिलातल्या बाबी एका भाषेत आणाव्या लागतात. हे काम कंटाळवाणं असतं आणि मालकाने स्वतः आग्रह धरल्याशिवाय कुणी करत नाही. सरकारी मालक असा आग्रह धरू शकतो, हे नागपूरने दाखवलं. एरवी पुण्यातल्या कितीतरी ऑफिसांत मुलं दिवसरात्र आखाती देशांतल्या नि इंग्लंडमधल्या इमारतींची मॉडेलं करतात. कौशल्य इथेच आहे, मागणी मात्र बरीचशी बाहेरची. इंग्लंडमध्ये २०१६पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना बीआयएम सक्तीचं झालं, त्याचाही हा परिणाम.

फाइल कोणत्या अवस्थेत आहे, हे आयएसओ १९६५० या २०१८च्या मानकाने चार शब्दांत बांधलं आहे: काम चालू, सामायिक, प्रकाशित, संग्रहित. यातलं ‘प्रकाशित’ तेवढंच साइटवर जावं. फायनल, फायनल-२, फायनल-नवीन अशी पीडीएफची रांग ज्या ग्रुपवर असते, तिथे मुकादम सर्वात वरची उघडतो, आणि त्यात त्याची चूक नसते. मुकादमाला मॉडेल फिरवता यायला हवं असा हट्टही नको. त्याला एका मजल्याचं, फक्त स्लीव्हचं, ग्रिडपासून मापं लिहिलेलं ए-३ पान द्या. एका कोपऱ्यात मॉडेलचं छोटं चित्र पुरे. त्याने हातात टेप घेऊन जे उलटं सांगितलं, ते त्याच संध्याकाळी मॉडेलमध्ये गेलं पाहिजे. नाहीतर तिसऱ्या मजल्यापासून मॉडेल आणि इमारत वेगवेगळ्या वाटांनी चालू लागतात आणि मग मॉडेलकडे कुणीच पाहत नाही.

इमारत हस्तांतरित करताना देखभाल सांभाळणाऱ्यांच्या गळ्यात काही गिगाबाइटची मूळ फाइल मारू नये. ती उघडायला लागणारं लायसन्स त्यांच्याकडे नसतं. त्यांनी आयएफसी फाइल मागावी, जी बहुतेक मोफत व्ह्यूअरमध्ये उघडते, जसं बांधलं तशा पीडीएफ मागाव्यात आणि पंप, पॅनेल, व्हॉल्व्ह यांची खोलीवार यादी एक्सेलमध्ये मागावी. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी यादीतला व्हॉल्व्हचा नंबर शाफ्टमधल्या व्हॉल्व्हवर खरंच लावलेला आहे का, हे चार-पाच मजल्यांवर टॉर्च घेऊन स्वतः बघून यावं.