इंग्रजी पत्रातील नामे व त्यांची शब्दयोगी अव्यये

राजभाषा अधिनियम, 1964 अन्वये राज्याच्या कारभाराची भाषा मराठी झाली. तथापि परराज्यातील संस्थेस साहाय्यार्थ लिहिताना इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागतो. तेथे नामानंतर कोणते शब्दयोगी अव्यय यावे, हे बहुधा ते नामच ठरविते. मराठीतील ‘ची’ पाहून सर्वत्र ‘ऑफ’ योजू नये. ‘बाकांची मागणी’ म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर बेंचेस’. ‘पटसंख्येतील वाढ’ म्हणजे ‘इन्क्रीज इन एनरोलमेंट’.

समजा, संगमनेर तालुक्यातील एका शाळेचा पट 40 वरून 65 झाला. ही वाढ ‘ऑफ 25’ किंवा ‘टू 65’ अशी लिहावी. ‘ऑफ 65’ लिहिल्यास वाचणारा पट 105 धरील. प्रत्यक्ष गणतीत 40 मुले कमी भरतील आणि शिक्षकाच्या सचोटीविषयी व्यर्थ शंका उपजेल. यास्तव नाम पाठ करताना त्याचे अव्ययही सोबतच पाठ करावे.