हराळी: अंगणात हवी, रानात नको

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे होतोय. घाटनांदूरचा एक श्रोता विचारतो, "रानालगत नवं घर बांधलंय. समोर लॉन करायचंय. पण आमचे दादा म्हणतात, हराळी दारात आणायची नाही. काय करू?"

भाऊ, तुझं चूक नाही आणि दादांचंही नाही. नर्सरीवाला ज्याला 'बर्म्युडा' म्हणतो, गणपतीला आपण जी दूर्वा म्हणून वाहतो आणि सोयाबीनमध्ये जिच्या नावानं बोटं मोडतो, ती तिन्ही एकच. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांवर 1977 साली एक मोठं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात पहिला नंबर लव्हाळ्याचा आणि दुसरा आपल्या हराळीचा.

आता ही एवढी चिवट का? तिला चालायचे दोन रस्ते आहेत. एक जमिनीवरून, म्हणजे धावत्या फांद्या. दुसरा जमिनीखालून, म्हणजे त्या पांढऱ्या काशा. दोन्हींवर थोड्या थोड्या अंतरावर पेर असतं, आणि प्रत्येक पेरात एक अख्खं झाड दडलेलं असतं. खुरप्यानं एका काशीचे पाच तुकडे केले, तर पाच नव्या हराळ्या लावल्या असंच समजा. क्रिकेटच्या मैदानांवर 'टिफवे'सारख्या संकरित जाती लावतात. त्यांना रुजणारं बी येतच नाही, तरी मैदान हिरवंगार होतं, कारण ते तुकडे लावूनच करतात. म्हणून "ही बी धरत नाही, पसरणार नाही" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ रोटाव्हेटरचा आहे. हराळी झालेल्या ओल्या रानात रोटा मारला की दोन दिवस रान लोण्यासारखं दिसतं. खाली मात्र काशांचे बारीक तुकडे सगळीकडे पेरले गेलेले असतात. वर तोच रोटा, पात्यांना गुंडाळलेल्या काशांसकट, भाड्यानं शेजारच्या रानात जातो! रोटा आपल्या बांधावर आला की आधी पाती साफ करून घ्या. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.

हराळीला दोनच गोष्टी खरोखर सोसत नाहीत: सावली आणि वाळणं. आपल्याकडं एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे, ते वापरा. रान कोरडं असताना खोल नांगरट करा आणि ढेकळं तशीच उलटी तापू द्या. वर आलेल्या काशा वेचून बांधाबाहेर वाळवा, मग जाळा. काळ्या रानात काशा खोल जातात, त्यामुळे एका उन्हाळ्यात काम संपत नाही. पुढच्या वर्षी परत करायचं. पावसाळ्यात तिथं ताग दाट पेरला तर सावलीनं उरलेली हराळी दबते. ताग नंतर गाडला की खतही मिळतं.

आणि फवारणी? ग्लायफोसेट पानातून मुळापर्यंत उतरतं, पण हराळी हिरवी आणि वाढती असेल तरच. वाळलेल्या किंवा नुकत्या कापलेल्या गवतावर मारलं तर पैसे मातीत. पीक उभं असेल तर पीकही जातं. शिवाय ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. म्हणजे दुकानदाराच्या शब्दावर पंप भरायचा नाही. अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं आधी विचारा.

आता लॉन. लावायचंच असेल तर गवताच्या आधी कड बांधा. शहाबादी फरशीचे तुकडे उभे, एक फूट खोल पुरा आणि चार बोटं वर राहू द्या, कारण हराळी खालूनही येते आणि वरूनही. सांधे सिमेंटनं भरा, फट दिसली की ती घुसलीच. फरशीबाहेर दीड फुटाची पट्टी कायम मोकळी ठेवा आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर पडलेले धागे मुळासकट उपटा. लावणी पावसाच्या तोंडाला, वीतभर अंतरावर. ऊन भरपूर हवं. लिंबाच्या झाडाखाली लॉन विरळच राहणार, तिथं खर्च करू नका.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. कडेचे कापलेले धागे उकिरड्यावर टाकू नका. तेच शेणखतातून शेतात जातात आणि मग दोष पावसाला. शेळीला घाला, ती खुशीनं खाते.

दादांना तरीही पटलं नाही तर वाळा किंवा गवती चहा लावा. दोन्ही गड्ड्यानं वाढतात, धावत नाहीत. आणि उताराच्या बांधावर जी हराळी आधीच आहे, ती मात्र उपटू नका. तिथं ती माती धरून बसलेली असते. फक्त तासाकडची बाजू दर वर्षी नांगराच्या एका फेऱ्यानं तोडत राहा.