चॉकलेट खाल्लेलं कुत्रं आणि मिठाचं पाणी

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावातही आता वाढदिवस म्हटला की चॉकलेट केक आलाच. उरलेला केक रात्री ओट्यावर राहिला, तर सकाळी त्याचं खोकं अंगणात चाटूनपुसून पडलेलं दिसतं. मग सल्ले सुरू होतात. दूध पाजा, तूप चाटवा, मिठाचं पाणी ओता. यातला शेवटचा सल्ला चॉकलेटपेक्षाही घातक ठरू शकतो.

कुत्र्याला साखर बाधते, हा समज फार पक्का आहे. खरा दोष कोकोतल्या थिओब्रोमीनचा आणि त्याच्या जोडीच्या कॅफीनचा. माणूस थिओब्रोमीन काही तासांत पचवतो. कुत्र्याच्या रक्तातलं थिओब्रोमीन नुसतं निम्म्यावर यायलाच साडेसतरा तासांच्या आसपास लागतात आणि तोवर ते हृदयाला, मेंदूला डिवचत राहतं. म्हणूनच चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितका धोका मोठा. पांढऱ्या चॉकलेटमध्ये ते नावापुरतंच असतं. मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे साधारण २ मिलिग्रॅम, डार्कमध्ये ५ किंवा जास्त, आणि कोको पावडरीत २० च्याही पुढे.

एक तुकडा खाल्ला की कुत्रं मेलंच, असंही नाही आणि आपल्या गावठी कुत्र्याला सगळं पचतं, असंही नाही. जातीपेक्षा इथे वजनाला महत्त्व आहे. किलोमागे सुमारे २० मिलिग्रॅम पोटात गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा दिसू लागतो. ४० ते ५० ला हृदयाचे ठोके बिघडतात, ६० ला झटके येऊ शकतात. १५ किलोच्या राखणीच्या कुत्र्यासाठी पहिली पायरी म्हणजे दीडशे ग्रॅम मिल्क चॉकलेट. चार किलोच्या पॉमेरियनला तेवढ्यासाठी ४० ग्रॅम पुरतं, आणि कोको पावडर असेल तर जेमतेम चार ग्रॅम.

दूध हा उतारा नव्हे. थिओब्रोमीनवर नेमका उताराच नाही. तुपाने स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती वाढते. मिठाच्या पाण्याने उलटी होईलच असं नाही, पण रक्तातलं सोडियम चढून मेंदूला इजा होऊ शकते. घशात बोटं घालणंही नको.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पशुवैद्यकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा नाताळात अशा घटना चौपट आढळल्या. आपल्याकडे दिवाळीत भेट म्हणून चॉकलेटचे डबे येतात. ते उंचावर, बंद कपाटात ठेवावेत.

खाल्ल्याचं कळताच वेष्टन हाती घ्यावं, किती आणि केव्हा खाल्लं याचा अंदाज बांधावा, कुत्र्याचं वजन सांगावं आणि गुरांच्या डॉक्टरांना फोन लावावा. पशुसंवर्धनाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांकही आहे. पहिले दोन तास मोलाचे, कारण तेवढ्यात डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवू शकतात. ‘अजून तर चांगलं खेळतंय’ म्हणून थांबू नये. लक्षणं कधी कधी सहा ते बारा तासांनी उमटतात. कुत्रं धापा टाकत येरझारा घालतं, पुन्हा पुन्हा पाणी पितं, मांडीच्या आतल्या बाजूला बोटं टेकवली तर नाडी धडधडत लागते. उलटी झाली म्हणजे विष गेलं, हेही खरं नाही. थिओब्रोमीन मूत्राशयातून परत रक्तात शोषलं जातं, म्हणून उपचारांनंतर कुत्र्याला वरचेवर लघवीला बाहेर न्यावं लागतं. गंभीर विषबाधेत त्रास तीन दिवसांपर्यंत चालू शकतो.

केकमध्ये मनुके असतील, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवावा. कडवंचीच्या द्राक्षमळ्यांमुळे जालना जिल्ह्याला द्राक्षं नवी नाहीत, पण द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्यातल्या टार्टारिक आम्लावर संशय आहे, आणि तेच आम्ल चिंचेतही असतं. मनुक्यांच्या बाबतीत किती चालतील याचं भरवशाचं माप नाही. चार-दोन खाल्ले तरी फोन लगेच करावा.