प्रवाशांचे लसीकरण आणि सार्वजनिक निधी : डहाणू-तलासरीच्या संदर्भात एक विचार

सहलीस निघालेल्या नागरिकाने प्रवासापूर्वी घ्यावयाच्या लसीचा खर्च सरकारी आरोग्ययंत्रणेने सोसावा काय, हा प्रश्न मुख्यतः श्रीमंत देशांत चर्चिला जातो. डहाणू व तलासरी या तालुक्यांशी त्याचा संबंध जोडणे वाचकांस प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. परंतु ज्या तत्त्वावर हा प्रश्न सोडवावयाचा, ते तत्त्व पारखून घेण्यास या दोन तालुक्यांइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल. येथे समुद्रकिनाऱ्यावर विश्रांतीसाठी येणारा मुंबईकर आहे, चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेस लोटणारा समुदाय आहे, आणि दिवाळी उलटताच बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीची वाट धरणारे वारली कुटुंबही आहे. प्रवासी हे तिघेही होत. आरोग्यखात्याच्या दृष्टीने मात्र ते सारखे नाहीत.

प्रथम ब्रिटनचा व्यवहार पाहू. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा परदेशी जाणाऱ्या नागरिकास विषमज्वर, अ-प्रकारची कावीळ, पटकी आणि पोलिओ यांच्या लसी विनामूल्य देते. पीतज्वर, जपानी मेंदूज्वर आणि अलर्क यांच्या लसींसाठी मात्र प्रवाशाने स्वतः पैसे मोजावयाचे असतात. ही विभागणी रोगाच्या भीषणतेवरून केलेली नाही, हे सहज ध्यानात येईल. अलर्काइतका निश्चित प्राणघातक रोग दुसरा नाही. विभागणीचे कारण असे की, पहिल्या गटातील रोग परतणाऱ्या प्रवाशाबरोबर देशात येऊन इतरांस होऊ शकतात, तर कुत्रा चावल्याने परदेशी अलर्क झालेला सहलकरी आपल्या शेजाऱ्यास तो रोग सहसा देत नाही. लोकवित्तशास्त्रात पिगू यांच्यापासून जो बाह्यपरिणामांचा विचार रूढ झाला, त्याचेच हे उपयोजन होय. लाभ केवळ घेणाऱ्याचा असेल तर मूल्य त्याने द्यावे. लाभ शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पोहोचत असेल तर समाजाने त्यात वाटा उचलावा.

हे तत्त्व भारतास जसेच्या तसे लावता येईल काय? पीतज्वराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. हा रोग पसरविणारा एडीस डास आपल्याकडे विपुल आहे, परंतु रोगाचा विषाणू येथे स्थिरावलेला नाही. त्यामुळे आफ्रिकेतून वा दक्षिण अमेरिकेतून लस न घेता परतणारा एक रुग्णही सैद्धांतिकदृष्ट्या साथीचे निमित्त होऊ शकतो. ब्रिटनच्या थंड हवेत ज्या लसीचा लाभ वैयक्तिक ठरतो, तीच लस मुंबईच्या दृष्टीने सार्वजनिक महत्त्वाची ठरते. मग ती येथे विनामूल्य असावयास हवी; प्रत्यक्षात सरकारी केंद्रांतही तिच्यासाठी शुल्क आकारले जाते. ही विसंगती भासते, पण ती खरी नाही. पीतज्वराच्या प्रदेशातून येणाऱ्याजवळ प्रमाणपत्र नसल्यास त्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्याचा नियम आहे. जेथे कायदाच लस घेण्यास भाग पाडतो, तेथे शुल्कामुळे कोणी मागे राहत नाही; आणि शुल्कामुळे कोणी मागे राहत नसेल तर अनुदानाचे प्रयोजनही उरत नाही. अर्थात केवळ बाह्यपरिणाम असणे पुरेसे नाही. किमतीमुळे लस टाळली जाण्याचा संभवही सिद्ध व्हावा लागतो. २०१६ पासून या लसीचे प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य धरले जात असल्याने तो भार आता आयुष्यात एकदाच पडतो, ही गोष्टही लक्षात घ्यावी.

याउलट हज यात्रेकरूंना मेनिंगोकोकसची लस भारतात सरकारी खर्चाने देण्याची प्रथा आहे. १९८७ साली मक्केहून परतलेल्या यात्रेकरूंबरोबर या रोगाचा जंतू अनेक देशांत गेला होता, हे ध्यानी घेता ती समर्थनीयच म्हणावी लागते. येथेही प्रमाणपत्राची सक्ती आहेच. तरीही यात्रेकरूंत अल्प उत्पन्नाची व वृद्ध माणसे बरीच असतात, आणि सक्तीच्या जोडीला शुल्क आले तर ते धर्मकृत्यावरील करासारखे भासेल. पोलिओच्या बाबतीत मार्च २०१४ पासून पाकिस्तान, नायजेरिया आदी सात देशांच्या प्रवाशांसाठी जी लस आवश्यक करण्यात आली, तिचे कारण तर उघडच होते : भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला होता, आणि मोठ्या खर्चाने मिळविलेले यश एका प्रवाशाच्या पोटातून आलेल्या विषाणूने धुळीस मिळावयास नको होते.

परंतु बाह्यपरिणामांच्या या युक्तिवादास एक मर्यादा आहे, आणि ती आपल्याला पंढरपूरने शिकविली आहे. वारीस जाणाऱ्यांना पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती एके काळी होती. जुन्या पिढीतील अनेकांना ती सुई अजून आठवते. त्या लसीने टोचून घेणाऱ्यास काही महिने थोडेफार संरक्षण मिळे, पण रोगाचा प्रसार थांबत नसे. म्हणूनच १९७३ साली आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून पटकीच्या प्रमाणपत्राची अट काढून टाकण्यात आली. यात्रेस खरी गरज होती ती शुद्ध पाण्याची आणि शौचकूपांची. महालक्ष्मीच्या यात्रेसही हेच लागू पडते. लस संसर्ग थोपविते की केवळ आजाराची तीव्रता कमी करते, हे पाहिल्यावाचून सार्वजनिक लाभाची भाषा करणे सैल विचाराचे द्योतक होय.

आता निव्वळ हौसेच्या प्रवाशाकडे वळू. येथे एक आक्षेप संभवतो : लस न घेता गेलेला पर्यटक आजारी होऊन परतला, तर त्याच्या उपचाराचा बोजा अखेर सरकारवरच पडणार, मग आरंभीच लस का देऊ नये? हा युक्तिवाद ब्रिटनमध्ये बळकट आहे, कारण तेथे बहुतेकांचा उपचार सार्वजनिक निधीतून होतो. आपल्याकडे परदेशी सहलीस जाणारा वर्ग बहुधा खाजगी रुग्णालयाचा आश्रय घेतो, म्हणून येथे तो लंगडा पडतो. शिवाय खर्च केवळ लसीच्या किमतीचा नसतो. शीतसाखळीतील जागा, परिचारिकेचा दिवस आणि उघडलेली कुपी यांचाही हिशेब करावा लागतो. पीतज्वराची लस द्रावणात मिसळल्यावर सहा तासांत संपवावी लागते. म्हणून ती मोजक्याच केंद्रांवर, ठरावीक दिवशी मिळते. ती डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात ठेवण्यापेक्षा एखाद्या डहाणूकराने लोकलने मुंबई गाठणे समाजास स्वस्त पडते. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, तेव्हा ही सूचना निर्दयही नाही.

या पर्यायी खर्चाचा धडा पालघर जिल्ह्यास मे २०२१ मध्ये मिळाला, आणि तोही उलट्या दिशेने. अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या नागरिकांना कोविडची लस मिळण्यासाठी त्या महिन्याच्या आरंभी कोविन संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी आवश्यक होती, आणि नोंदणी करणाऱ्यास केंद्र कोठलेही निवडता येत असे. परिणामी मुंबई-ठाण्याकडील तरुण मोटारीने ग्रामीण केंद्रांवर येऊन लस घेऊन परत जात, आणि ज्यांच्या पाड्यावर भ्रमणध्वनीचे जाळेही धड पोहोचत नाही ते स्थानिक आदिवासी पाहत राहत. लस सरकारी होती, विनामूल्य होती. तरी ती कोणास मिळणार हे मोटार आणि इंटरनेट यांनी ठरविले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर जागीच नोंदणीस मुभा देण्यात आली, तेव्हा ही अडचण काहीशी सैलावली. लसीवर किंमत नसली की ती न्याय्य रीतीने वाटली जाते, ही समजूत किती भोळी आहे हे त्यावरून दिसते.

तेव्हा प्रवाशांच्या लसीकरणावर सरकारने खर्च करावयाचाच तर तो कोणत्या प्रवाशावर? तलासरीतील पुरुष खलाशी म्हणून गुजरातच्या मच्छीमार बोटींवर जातात. कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर सहा-सहा महिने राहतात. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. कार्तिकात गाव सोडून ज्येष्ठात परतणाऱ्या मुलाच्या आयुष्यात या दोन्ही मुदती भट्टीवरच उलटून जाऊ शकतात. गावातील आशा कार्यकर्ती त्यास ‘स्थलांतरित’ म्हणून नोंदविते, आणि भट्टीकडील यंत्रणेच्या यादीत तो आलेला नसतो. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची जी साथ उद्भवली, तिने अशा सुटलेल्या मुलांचे मूल्य दाखवून दिले. पीतज्वराच्या प्रवाशास आपण लावलेल्या दोन्ही कसोट्यांस हे मूल पूर्णपणे उतरते : गोवर अत्यंत संसर्गजन्य असून त्याची लस प्रसार रोखते, आणि लस फुकट असली तरी एका दिवसाची मजुरी बुडणे ही तिची न लिहिलेली किंमत आहे. ती किंमत अनेक मातापित्यांना परवडत नाही.

मिशन इंद्रधनुष्याच्या २०१४ पासूनच्या योजनेत वीटभट्ट्यांसारख्या वस्त्यांसाठी खास सत्रांची तरतूद आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु ही सत्रे भट्टीच्या गावी भरतात. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात, पाड्यावर, मुकादमाचा टेम्पो येण्याआधी मुलांची कार्डे तपासून देय असलेल्या मात्रा देणे अधिक सोपे आणि स्वस्त ठरेल. मात्रेची वेळ अद्याप आली नसेल तर पुढील तारीख व मुक्कामाचे गाव कार्डावर लिहून तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. सीमेपलीकडे उंबरगाव-वापीकडे जाणाऱ्यांच्या बाबतीत ही कळवणी गुजरातच्या यंत्रणेकडे जावी लागेल. त्यासाठी दोन्ही राज्यांच्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दसऱ्यापूर्वी एकदा एकत्र बसून याद्यांची अदलाबदल केली, तरी आरंभास तेवढे पुरेल.