जांभळ्या फुलांची जलपर्णी

गेल्या उन्हाळ्यात आई पुण्याहून आमच्याकडे फ्लोरिडात आली होती. एका रविवारी आम्ही तिला सेंट जॉन्स नदी दाखवायला पलाटकाला नेलं. काठालगत पाण्यावर सुंदर जांभळी फुलं डुलत होती. "बाबा, एक रोप घरी नेऊ या ना!" मुलीचा हट्ट सुरू झाला. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, ही तर आमची जलपर्णी! मुळा-मुठेत हिच्याखाली पाणी दिसत नाही."

खरं तर ही ना पुण्याची, ना फ्लोरिडाची. तिचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं अ‍ॅमेझॉनचं खोरं. फुलांच्या हौसेपायी माणसानंच तिला जगभर नेलं. 1890 च्या सुमारास याच पलाटकाजवळ कुणा बाईंनी आपल्या तळ्यातली जास्तीची रोपं नदीत टाकली, अशी हकिगत सांगतात. काही वर्षांतच बोटी अडकू लागल्या. 1899 साली हा तण काढायचं काम लष्कराच्या इंजिनिअर विभागाकडे सोपवावं लागलं. 1910 मध्ये तर लुइझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रुसार्ड यांनी जलपर्णी खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणायचं विधेयक मांडलं! सुदैवानं ते संमत झालं नाही.

मी पडलो इंजिनिअर, म्हणून घरी येताना मुलीला हिशेब घातला. रोपं दर पंधरा दिवसांनी दुप्पट होतात असं धरलं, तर एका रोपाची आठ महिन्यांत किती? उत्तर आलं 65,536. शिवाय बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं. वरच्या हिरव्या गालिच्यामुळे खाली ऊन पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

फ्लोरिडात एके काळी एक लाख एकरांहून जास्त पाणी हिनं व्यापलं होतं. 1970 च्या दशकात इथे हिच्यावर जगणारे भुंगे सोडण्यात आले. पण खरा फरक पडला तो धोरण बदलल्यामुळे. पसरल्यावर धावपळ करण्याऐवजी थोडी असतानाच, वर्षभर, न चुकता औषध फवारून ती आटोक्यात ठेवायची. आज ती आहे, पण नद्या वाहत्या आहेत.

पुण्यात मात्र आणखी एक अडचण आहे. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे जलपर्णीला आयतं खत. पाणी शुद्ध न करता नदीत सोडत राहिलो, तर वरून कितीही काढली तरी ती पुन्हा येणारच.

आईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे केरासारखंच की रे. रोज काढायचा असतो, दिवाळीच्या दिवाळीला नाही. आणि मुळात करायचाच कमी."

आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात याहून वेगळं काही नाही.

तेव्हा मंडळी, आपल्या फिश टँकमधली किंवा बागेतल्या तळ्यातली जास्तीची रोपं नाल्यात, तळ्यात टाकू नका. पूर्ण वाळवून कचऱ्यात टाका. फ्लोरिडात तर जलपर्णी बाळगणंही कायद्यानं मना आहे. मुलीनं शेवटी फुलाचा फोटो काढला. तो फ्रिजवर लावलाय, आणि तिथे तो वाढत नाही!